वर्गातली प्रार्थना आणि पालखीचा हार : जिल्हा परिषद शाळेतील ख्रिस्ती शिक्षिकेचे एक प्रकरण

हवेली तालुक्यातली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. पहिली ते चौथी, पट ९६, शिक्षक चार. चौथीच्या वर्गशिक्षिका ख्रिस्ती आहेत. राहायला पुण्यात गुरुवार पेठेत, रोज पीएमपी बसने ये-जा, रविवारी मंडळीत म्हणजे चर्चमध्ये शब्बाथ शाळा (मुलांचे बायबलचे वर्ग) घेतात. गावात त्यांच्याबद्दल चांगलं बोललं जातं, कारण त्यांच्या वर्गातली मुलं वाचतात.

हे प्रकरण कोणत्याही एका शाळेचं नाही. सरकारी शाळांतल्या ख्रिस्ती शिक्षकांपुढे जे प्रसंग येतात ते एकत्र करून ते उभं केलं आहे. त्यात आलेले कायदे, निवाडे आणि इतिहास मात्र खरे आहेत.

काय घडलं

आषाढीच्या आदल्या दिवशी शाळेची दिंडी निघणार होती. पुण्याच्या आसपास हा दिवस मुलांच्या मोठ्या आनंदाचा असतो. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून आणि तुकोबांची देहूहून पुण्यात येते, भवानी पेठेत आणि नाना पेठेत मुक्काम करते आणि पुढे जाते. मागे राहिलेल्या गावांत शाळेच्या पोरांची छोटी दिंडी निघते. मुख्याध्यापकांनी ठरवलं की प्रत्येक शिक्षकाने पालखीला हार घालून एकेक आरती करायची. बाई व्हरांड्यातच म्हणाल्या, ‘सर, हार मी घालणार नाही. बाकी काय असेल ते सांगा.’ खिचडीची भांडी आवरत असलेल्या दोन बायकांनी ते ऐकलं. दिंडी नीट पार पडली. रांग बाईंनीच सांभाळली, पाणीही त्यांनीच वाटलं. गावात मात्र एवढंच पोचलं की बाईंनी पालखीला हात लावला नाही.

तीन आठवड्यांनी वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांना अपघात झाला आणि त्यांना ससूनमध्ये दाखल केलं. मधल्या सुट्टीत पोरगा ताट समोर ठेवून बसून राहिला. बाई जवळ गेल्या तेव्हा म्हणाला, ‘बाई, तुम्ही प्रार्थना करता ना? माझ्या पप्पांसाठी कराल?’ बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि अर्धा मिनिट येशूच्या नावाने मोठ्याने प्रार्थना केली. भोवतालच्या पाच मुलांनीही हात जोडले. ‘आमेन’ सगळ्यांनी म्हटलं.

पोराने घरी जाऊन हे आनंदाने सांगितलं आणि आईने काही वावगं मानलं नाही. गोष्ट इथेच थांबली असती. पण पुढच्या रविवारी बाईंनी मंडळीत साक्ष दिली, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सर्वांपुढे सांगितला. त्यात मुलाचं नाव आलं, गावाचं नाव आलं, आणि ‘माझ्या वर्गातली मुलं आता प्रार्थना करतात’ असंही एक वाक्य आलं. कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि मंडळीच्या ग्रुपवर टाकलं. आठवडाभरात ती क्लिप गावात पोचली.

मग मुलाचे आजोबा आणि शाळा व्यवस्थापन समितीचे एक सदस्य लेखी तक्रार घेऊन आले. तक्रारीत तीन मुद्दे होते : बाई पालखीचा अपमान करतात, वर्गात मुलांकडून ख्रिस्ती प्रार्थना करून घेतात, मुलांची नावं चर्चला देऊन धर्मांतराची तयारी करतात. मुख्याध्यापकांनी तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला.

तीन मुद्दे, तीन वेगळी उत्तरं

अशा वेळी ख्रिस्ती शिक्षक आणि त्यांचे हितचिंतक बहुतेकदा तिन्ही गोष्टी एकत्र बांधतात. ‘हा श्रद्धेवरचा हल्ला आहे’ असं म्हटलं की सगळंच बरोबर ठरतं. ‘चूक झाली, माफ करा’ म्हटलं की सगळंच चूक ठरतं. खरी स्थिती अशी की पहिल्या मुद्द्यावर बाईंचा हक्क पक्का आहे, दुसऱ्यावर त्या चुकल्या आणि तिसरा आरोप खोटा आहे. तरीही त्या आरोपाला हवा मिळाली ती त्यांच्या स्वतःच्या साक्षीतून.

हाराचा मुद्दा आधी घेऊ. संविधानाचा अनुच्छेद २५ प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतो, आणि सरकारी नोकरी धरली म्हणून ते संपत नाही. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला होता. त्यावरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१३ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रार्थनेत हात जोडण्याची सक्ती शिक्षकावर करता येत नाही. ती शाळा खाजगी अनुदानित होती. जिल्हा परिषदेची शाळा तर पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, त्यामुळे तिथे पूजेची सक्ती आणखीच टिकणार नाही.

हक्क पक्का असला तरी नकार देण्याची पद्धत चुकली. व्हरांड्यात, ऐनवेळी, चार जणांसमोर दिलेला नकार गावाला अपमानासारखाच दिसतो. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात यासाठी उत्तम धडा आहे. राजाचं अन्न नको असताना त्याने आधी अधिकाऱ्याला विनंती केली, पर्याय सुचवला, दहा दिवसांची मुदत मागितली आणि अधिकाऱ्याची अडचणही समजून घेतली. शाळेत याचा अर्थ असा : जूनमध्ये वर्षाच्या कार्यक्रमांचं नियोजन होतं तेव्हाच मुख्याध्यापकांना एकांतात भेटावं. पूजा, आरती, हार आणि नारळ सोडून त्या दिवसाची कोणती जबाबदारी आपण पूर्ण घेऊ ते सांगावं. रांगा, रस्ता ओलांडणं, हजेरी, प्रथमोपचार पेटी, पाणी, मुलांना घरी सोडणं, अशा कामांची यादी कागदावरच द्यावी. दिंडीत हीच कामं सगळ्यांत अवघड असतात आणि ती अंगावर घेणारा माणूस प्रत्येक मुख्याध्यापकाला हवा असतो.

दुसरी खबरदारी अशी की पूजेला नकार देताना त्या भोवतीच्या सगळ्याच गोष्टींना नकार देऊ नये. तुकोबांचे अभंग मराठीच्या पाठ्यपुस्तकात असतात. ते शिकवणं हे भाषेचं आणि इतिहासाचं शिक्षण आहे. एखाद्या संताचं जीवन आणि शिकवण अभ्यासाचा विषय म्हणून शिकवणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये गुरू नानकांच्या अभ्यासासंबंधी डीएव्ही कॉलेजच्या प्रकरणात मान्य केलं आहे. ख्रिस्ती शिक्षिकेने अभंग वर्गात इतका चांगला शिकवावा की वारकरी घरातल्या आजीनेही दाद द्यावी. परिपाठातली राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, राज्यगीत आणि २०२० पासून शाळांत होणारं संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन, यांत विवेकाला बोचेल असं काही नाही. तिथे आवाज खणखणीत असावा. अनेक शाळांत साने गुरुजींची प्रार्थना होते. ती म्हणायला कोणाही ख्रिस्ती माणसाला अडचण पडू नये.

प्रार्थनेबद्दल

इथे जास्त थांबावं लागेल, कारण मंडळीतल्या बहुतेकांना बाईंचं काहीच चुकलं नाही असं वाटतं. मूल स्वतः म्हणालं, बाईंनी फक्त ऐकलं, मग बिघडलं काय?

अनुच्छेद २८(१) सांगतो की पूर्णपणे राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण दिलं जाणार नाही. २८(३) सांगतो की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतल्या कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, आणि मूल वयाने अज्ञान असेल तर ती संमती पालकांनी द्यायची असते. अर्ध्या मिनिटाची प्रार्थना म्हणजे धार्मिक शिक्षण, असं आम्ही म्हणणार नाही. पण वर्गात, शिक्षिकेच्या पुढाकाराने, नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी केलेली ती उपासना होती, यात शंका नाही. विचारलं एका मुलाने, पण हात सहा जणांनी जोडले. बाकीच्या पाच जणांनी ते का केलं? बाईंनी डोळे मिटले म्हणून. चौथीतलं मूल बाई करतात तसं करतं, अक्षरही तसंच काढतं. त्याच्या ‘हो’ला संमती म्हणता येत नाही. घरी आई-बापांना हे चालेल का, हे त्या पाच जणांच्या बाबतीत कोणी विचारलंही नव्हतं.

हे बंधन बाहेरून लादलेलं आहे असं समजून ते निमूटपणे सोसलं तर विश्वासाचंच नुकसान होतं. ख्रिस्ती माणसाने ते स्वतःहून धरावं असं आम्हांला मनापासून वाटतं. जो विश्वास गुण देणाऱ्या, हजेरी घेणाऱ्या आणि शिक्षा करू शकणाऱ्या माणसाच्या दबावातून येतो तो प्रभूवरचा विश्वास नसतो, तो त्या खुर्चीवरचा विश्वास असतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू दार लावून गुप्तपणे प्रार्थना करायला सांगतो. त्या आज्ञेला शाळेत काहीही अडथळा नाही. मुलं येण्यापूर्वी हजेरीपट उघडून एकेका नावासाठी मनात प्रार्थना करायला कोणाची परवानगी लागत नाही.

पुण्याला या प्रश्नाचा जुना अनुभव आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि १८९० मध्ये ते पुण्यात आणलं. सदनात धर्मशिक्षण दिलं जाणार नाही, हे आश्वासन होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. आपल्या खोलीत त्या प्रार्थना करीत तेव्हा दार उघडं असे. काही मुली आत येऊन बसू लागल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी हाकललंही नाही. १८९३ मध्ये यावरून शहरात मोठं वादळ उठलं, केसरीने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचा हेतू शुद्ध होता यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. पालकांचा प्रश्नही खोटा नव्हता : जे होणार नाही असं सांगितलं होतं ते मुलींच्या डोळ्यांसमोर होत होतं. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं ते उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून. तिथे काय मिळेल याविषयी कोणाच्या मनात संदेह राहिला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेला असं ख्रिस्ती होता येत नाही. म्हणून तिथल्या शिक्षिकेला शारदा सदनाच्या पहिल्या आश्वासनाला जागायचं आहे, आणि तेही त्या उघड्या दाराशिवाय.

मग त्या पोराला काय म्हणायचं? गप्प बसणं हा क्रूरपणा ठरला असता. ‘शाळेत असं बोलायचं नसतं’ हे तर त्याहून वाईट. एवढं पुरतं : ‘हो रे, मी घरी प्रार्थना करते. तुझ्या पप्पांसाठी आज नक्की करीन. आता दोन घास खा, मग आपण आईला फोन करू.’ हे खरं आहे, प्रेमाचं आहे, आणि यात कोणाला हात जोडावे लागत नाहीत.

त्यानंतर जे करायचं ते अधिक कष्टाचं आहे, आणि ख्रिस्ती प्रीती तिथेच खरी कसाला लागते. मुख्याध्यापकांना सांगून आईला भेटावं. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांच्याकडे पाठवावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयात बसतात. शिधापत्रिका आणि आधार घेऊन त्यांना लगेच भेटायला सांगावं, कारण उपचार होऊन गेल्यावर कागद जमवायला गेलं की अडचण होते. मुलाचा बुडालेला अभ्यास शाळेच्या वेळेतच भरून काढावा. मंडळीला मदत करायची असेल तर पैसे मुख्याध्यापकांच्या माहितीने औषधांच्या बिलासाठी द्यावेत, आणि त्यासोबत पत्रिका, वचनाचं कार्ड किंवा ‘रविवारी या’ यांपैकी काहीही नसावं. घर अडचणीत असताना त्या जोडीला दिलेलं आमंत्रण कितीही साधं असलं तरी नाही म्हणायला जड जातं.

मूल कधी सरळच विचारतं, ‘बाई, तुमचा देव खरा का?’ त्यावर, ‘मी येशूला मानते. तुमच्या घरी काय मानतात ते आई-आजीला विचार,’ एवढं सांगून धडा पुढे न्यावा. आपली ओळख लपवायची काहीच गरज नाही. गळ्यातला क्रूस, नाताळची सुट्टी कशी घालवली याचं सरळ उत्तर, स्टाफरूममध्ये सहकाऱ्याने विचारलं तर मोकळं बोलणं, हे सगळं चालतं. सहकारी बरोबरीचे असतात, नको असेल तर विषय बदलू शकतात. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंचं तसं नाही. त्यांच्या कामाचा अहवाल शिक्षक देतात, म्हणून तिथे मुलांइतकंच जपावं लागतं.

साक्षीतून झालेलं नुकसान

प्रकरण पेटलं ते क्लिपमुळे. मुलाचं नाव, गाव आणि वडिलांचं आजारपण शेकडो अनोळखी लोकांपुढे ठेवणं हा त्या घराचा विश्वासघात होता, हे आधी मान्य करायला हवं. दुसरं असं की ‘मुलं आता प्रार्थना करतात’ हे वाक्य खरं नव्हतं. एकदा, सहा मुलांनी हात जोडले होते. साक्षीत थोडं वाढवून सांगण्याची सवय आपल्या मंडळ्यांत आहे आणि ती इथे महागात पडली. तक्रारीतला तिसरा मुद्दा शब्दशः याच वाक्यावर उभा होता. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. तेव्हापासून या शब्दाभोवती संशय दाट आहे. अशा हवेत सरकारी शिक्षिकेच्या तोंडचं असं वाक्य मोबाइलवर फिरलं की खुलासा करणाऱ्याचे हात बांधले जातात.

म्हणून पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, साधे नियम घालून द्यावेत. सरकारी शाळेतल्या विद्यार्थ्यांविषयी साक्ष नको. प्रार्थना-विनंती द्यायची तर ‘एका कुटुंबातील आजारी वडील’ इतकीच. चित्रीकरण सुरू असेल तर शिक्षकांनी कामाच्या जागेचं नावही घेऊ नये. आणि तक्रार झाली की दहा-बारा विश्वासणाऱ्यांना घेऊन शाळेत जाणं पूर्ण टाळावं. हेतू कितीही चांगला असला तरी गावाला ते शक्तिप्रदर्शन वाटतं, आणि सोमवारपासून त्या गावात एकटीने जायचं असतं ते बाईंनाच.

खुलासा कसा लिहावा

पहिल्या संतापात लिहिलेला खुलासा अनुच्छेद २५ ने सुरू होतो, दुसऱ्या दिवशीचा भीतीतून सगळंच नाकारतो. नाकारलं तर सहा मुलं खरं सांगतील, आणि खोटं बोलून वाचवलेली नोकरी साक्षीच्या काय कामाची? व्हॉट्सअपवर उत्तर देऊ नये. खुलासा कागदावर, दोन प्रतींत द्यावा, आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यावी. मजकूर साधारण असा असावा :

‘अमुक तारखेस मधल्या सुट्टीत विद्यार्थ्याच्या विनंतीवरून मी त्याच्या वडिलांच्या प्रकृतीसाठी सुमारे अर्धा मिनिट माझ्या श्रद्धेनुसार प्रार्थना केली. त्या वेळी जवळची काही मुले सहभागी झाली. पालकांच्या संमतीशिवाय वर्गात असे करणे उचित नव्हते, हे मला मान्य आहे व ते पुन्हा होणार नाही. विद्यार्थ्याचे नाव मी शाळेबाहेर घेतले, त्याबद्दल मी कुटुंबाची भेट घेऊन दिलगिरी व्यक्त केली आहे. कोणाही विद्यार्थ्यास धर्म बदलण्याविषयी मी कधीही सुचवलेले नाही. दिंडीत माझ्याकडे दिलेली मुलांच्या सुरक्षिततेची कामे मी पूर्ण केली. पूजाविधीत सहभागी न होणे हा माझ्या विवेकाचा भाग असून त्यात कोणाचा अनादर नाही.’

एवढंच. पाळकांचं पत्र जोडू नये. मागच्या वर्षी शाळेत गणपती बसवला होता, हा मुद्दाही इथे काढू नये. तो प्रश्न वेगळा आहे, आणि आपल्या बचावासाठी तो पुढे केला की गावाशी कायमचं वैर येतं. कुटुंबाची भेट खुलासा देण्याआधी व्हायला हवी. ती मुख्याध्यापकांना सोबत घेऊन, आजोबांसमोर व्हावी, कारण दुखावले गेले ते आजोबा.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होणारच. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे बाईंच्या समोर त्यांच्याच मुलांचे आई-बाप बसलेले असतात. इथे कायदा कमी आणि स्पष्ट शब्द जास्त उपयोगी पडतात. पण समितीला शिक्षकावर कारवाई करण्याचा अधिकार नाही. ती शिफारस करू शकते. कारवाई होते ती केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत अहवाल वर गेल्यावर, १९६४ च्या जिल्हा सेवा शिस्त व अपील नियमांखाली. साधा ठपका ठेवायचा असला तरी आरोप कळवून म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. बैठकीत कोणी ‘इथेच लिहून द्या की बदली मागते’ म्हणालं तर नम्रपणे नकार द्यावा. दबावाखाली लिहिलेला विनंती बदलीचा अर्ज पुढे कबुलीजबाबासारखा वाचला जातो.

या प्रकरणात आजोबांनी दिलगिरी स्वीकारली. केंद्रप्रमुखांनी वर्गाला भेट दिली, मुलांशी बोलले, वह्या पाहिल्या. तिसऱ्या मुद्द्यात तथ्य नसल्याचं त्यांच्या अहवालात आलं. शिक्षिकेला लेखी समज मिळाली. पुढच्या जूनमध्ये दिंडीच्या कामांची वाटणी नोंदवहीत लिहिली गेली आणि हाराच्या रकान्यात त्यांचं नाव नव्हतं.

एक काम मात्र बाकी राहतं आणि बरेच जण सुटकेच्या भरात ते विसरतात. लेखी समज वैयक्तिक नस्तीत (फाइलमध्ये) जाते, म्हणून तिची प्रत मागून शब्द न शब्द वाचावी. अहवालात ‘पालकांच्या संमतीशिवाय प्रार्थना’ असं असताना समजपत्रात ‘धर्मप्रसार केल्याबद्दल’ असं लिहिलेलं असेल, तर लगेच लेखी हरकत घेऊन दुरुस्ती मागावी आणि हरकतीचीही पोच ठेवावी. पदोन्नतीच्या वेळी नस्ती उघडणारा अधिकारी या गावात कधी आलेला नसतो. त्याच्यापुढे तेवढा एकच शब्द असतो.